चाड

नकाशात तो आधी नौशीनला सापडला:
आफ्रिकेच्या पोटात, वाळूच्या रंगाचा,
कुठूनच समुद्र न लागलेला देश. नाव चाड.
आम्ही हसलो.
आठवीत वाघचौरेबाई मला म्हणायच्या,
गजूल, तुला कशाचीच चाड नाही.

तिथल्या एका छावणीत
शेजारच्या देशातून चालत आलेली पोरं आहेत,
एकेकटी, कुणाचं बोट न धरता.
एलिशाची मावशी तिथे नर्स आहे. तिनं कळवलं,
दिवसा भाजतं, पण रात्री वाळू गार पडते.
गार म्हटल्यावर सोलापूरकराला दुसरं काय सुचणार?
विमानाचं भाडं विचारलं तर चादरीच्या चौपट.
'मग चादरी इथंच विकू की बे, पैसे पाठवू,'
सुगत म्हणाला. आणि ते इतकं सोपं वाटलं
की त्याच संध्याकाळी पार्क चौकात
आम्ही जमा न झालेल्या पैशांच्या आनंदात भेळ खाल्ली.

कार्यालयवाल्यानं विचारलं, पोरं कुठल्या धर्माची?
चर्चचा हॉल मिळत होता, पण नाताळपर्यंत थांबा.
मठात सगळे चालत होते,
फक्त ऑम्लेटचा स्टॉल नको.
शेवटी अशोक चौकामागे शंकरय्यामामांची शेड.
रविवार, माग बंद,
कोळिष्टकांवर पांढरी रुई धरलेली,
झाडायला आम्ही सातजण, झाडू दोन.

मामांनी सेकंडच्या चादरी काढून दिल्या.
एकीवर मोरांची रांग, त्यातल्या एकाला मानच नाही.
तीच आधी गेली.
गुरुसिद्धच्या काकूंनी उखळात कुटलेली शेंगाचटणी,
कडक भाकऱ्यांची चळत,
नौशीनच्या घरून शीरखुर्मा, ईद नसताना.

मग प्रार्थना.
आधी कुणाची, यावर दहा मिनिटं गेली.
चौघंही इतके नम्र झाले की कुणीच सुरू करेना,
'आधी तुम्ही', 'छे, छे, तुम्हीच',
आणि कंटाळून मामांनी बटण दाबलं.
माग सुटला. खटाखट खटाखट,
जमीन तळव्यांतून हलायला लागली.
त्या आवाजात चौघांचे ओठ एकदमच हलत होते.
कोण काय मागतंय, ऐकू आलं नाही.
बटण बंद झालं तेव्हा हातभर कापड विणलेलं.

एक गोष्ट वहीत नाही.
आदल्या रात्री आई विड्या वळत होती, मांडीवर सूप.
मान वर न करता तेलुगूत म्हणाली,
इथली पोरं संपली का?
मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही.
आमच्याच बोळातला अंबादास शाळा सोडून कांड्या भरतो.
रविवारी तो आला, चटणीशी तीन भाकऱ्या खाल्ल्या,
खिशात हात घातला.
मी म्हटलं, राहू दे.
त्या तीन भाकऱ्या मी 'तूट' म्हणून लिहिल्या
आणि नंतर तो शब्द खोडावासा वाटला.
पण हिशोब हिशोब असतो, खजिनदार मीच.

चार वाजता आईसुद्धा आली. चप्पल दाराबाहेर काढून,
देवळात आल्यासारखी.
कनवटीच्या घडीतून हजार विड्यांची मजुरी काढली,
डब्यात टाकली,
मानेशिवायच्या मोराची चादर आहे का, विचारलं.
गेली म्हटल्यावर काहीच न घेता निघून गेली.

सोमवारी बँकेत परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म.
नाव. रक्कम. देश: चाड.
पुढचा रकाना, लाभार्थ्याशी नाते.
काउंटरमागचे बिराजदारसाहेब चष्म्यावरून म्हणाले,
कोण लागतात तुमचे?
आम्ही एकमेकांकडे बघितलं. सुगतनं घसा खाकरला.
'काहीतरी लिहा, रिकामं चालत नाही,'
ते नोटा मोजायला लागले,
आणि आईच्या नोटांपाशी येऊन
दोनदा जोरात शिंकले.
'तंबाखू आहे का यात?'
हो म्हणाले मी.
पेनाची शाई बोटाला लागली होती,
रकाना अजून पांढरा,
मागे रांगेत कुणीतरी 'आटपा' म्हणत होतं.