बदलीवाल्यांचं सामान

आमच्या घरातली एकही वस्तू
आमच्या घरासाठी घेतलेली नव्हती.

धरणाच्या कॉलनीत, दवाखान्यात आया होती आई.
मे लागला की बदल्यांच्या ऑर्डरी
साहेबांच्या आधी तिला कळत.
भर उन्हात डोक्यावर ओला दुपट्टा टाकून
ती क्वार्टरच्या फाटकाशी उभी राहायची.
ट्रकमध्ये काय मावणार नाही
हे तिला बांधायची दोरी पाहूनच समजे.

अशी आली ओव्हरसियर देवपुजारींची आलमारी.
अन्नम्मा सिस्टरचा मिक्सर,
ज्यात खोबऱ्याचा वास
आमच्या ठेच्याशी शेवटपर्यंत भांडत राहिला.
गोसावी साहेबांचा फ्रिज, ज्याने कधीच काही गार केलं नाही.
त्यात तुरीची डाळ असायची, पापड,
आणि माझी दहावीची मार्कशीट.
"उंदीर त सोड, मुंगी नाही शिरत," आई सांगायची
येईल त्या पाहुण्याला, दार उघडून.

पितळी गुंडावर कोरलेलं:
चि. सौ. कां. विमल हिस मामाकडून, १९६८.
कोण विमल, कुठला मामा?
आई गुंडाला चिंच लावायची ती नाव सोडून.
"अक्षरं जातीन ना तिचे."

सहावीत मी हट्ट धरला, नवीच कंपासपेटी पाहिजे.
आली ती झाकणावर 'अनघा' लिहिलेली.
दोन वर्षं वर्गात मला अनघा म्हणत.
ते मी तिला कधी सांगितलं नाही,
आणि आता सांगून काय.

आलमारीच्या दाराला आतून पेन्सिलीच्या रेघा होत्या,
देवपुजारींच्या पोरांच्या उंचीच्या, तारखांसह.
त्यांच्याच बाजूला माझ्या.
त्यांच्या धाकट्याला मी नववीत मागे टाकलं.
त्याला कधी पाहिलं नाही. अजूनही
कुठे उंच माणूस दिसला की वाटतं, हाच.

आता आई माझ्याकडे येणार, अमरावतीला, तिसऱ्या मजल्यावर.
जिन्याचं वळण आलमारीला घेत नाही,
मी दोनदा मोजून आलो.

म्हणून विकायला काढलं सगळं, छपरीत मांडून.
मी भाव सांगतो, बाजेवर बसून आई खोट सांगते.
"खालचा पत्रा सडला हाय बाप्पा, पाह्यून घे."
"पंखा तीनवरच ठेवजो, चारवर झोडपते."
गिऱ्हाईक खूश. मी हैराण.
"असं विकतात का, आई?"
"मले कोणी नव्हतं सांगतलं," ती म्हणाली.
"एकेका वस्तूचा सोभाव समजाले
वरीस वरीस लागलं."

भंगारवाल्याच्या काट्यावर
गोसावी साहेब अडतीस किलो भरले.
मिक्सर त्याने वरून फुकट मागितला. तिने दिला.
मग हाक मारून परत बोलावलं
आणि झाकण दिलं, ते वेगळं ठेवलेलं असायचं.

विमलचा गुंड विकायला निघालाच नाही.
लुगड्यात गुंडाळून तो गाडीत कधी जाऊन बसला
मी पाहिलं नाही, विचारलं नाही.

आलमारी घेतली नव्या लाइनमनने, उईकेने.
लग्नाला महिनाही झाला नसेल, बायको
आतल्या रेघांवरून बोट फिरवत होती.
चार जणांनी टेम्पोत चढवली.
"बेबीबाईच्या आलमारीले पोतं लाव बे, रंग जाईन,"
वरून एक पोऱ्या ओरडला.

बेबीबाईची.
आई फल्ली फोडत होती. मान वर केली नाही.
फोलपटं सुपाबाहेर पडत होती, एवढंच.

नेर मागे पडलं तेव्हा
तिने कनवटीची गाठ सोडली,
हातावर काहीतरी धरलं, पुन्हा बांधलं.
"दोन चाब्या होत्या," म्हणाली.
"एकच देल्ली."

मी गाडी हळू केली. "फिरवू का परत?"

"कायले?
एकीनं उघडते ना थे."