रद्द नग

बारा बुशिंगांची ऑर्डर. फॉस्फर ब्राँझ.
कागदावर नुसता नंबर, नाव नाही,
कोपऱ्यात निळ्या शाईचा शिक्का :
तटरक्षक दल.

पवनीहून अड्याळकडे निघालं की
राइस मिलला लागून टिनाचा शेड दिसतो, तो माझा.
समुद्र इथून किती लांब, मी कधी मोजलं नाही.
आमच्याकडे पाणी म्हणजे मामा तलाव,
शिंगाड्याचे वेल,
आणि कमरेपर्यंत उतरलेले ढिवर.

भंडाऱ्यात आजोबा पितळेचे गुंड ठोकायचे.
"भांडं गळलं तर बाई ते घेऊन परत येते,"
म्हणायचे, "तोंडावर आपटून जाते."
हे बुशिंग बिघडलं तर
कोण परत येत नाही,
ते मला केवळराम बांतेनं सांगितलं.

केवळराम वीस वर्षं हेलिकॉप्टरच्या दारात बसला,
हातात केबल सोडायचं बटण.
आता पेन्शन आणि दीड एकर धान.
संध्याकाळी शेडमध्ये येतो, स्टूल ओढतो
दाराशीच,
आणि एक पाय बाहेर सोडून बसतो.

"रात्रीची गोष्ट," तो म्हणाला. "बोट उलटली होती.
एका खलाशाले पट्ट्यात घेतला, वर ओढू लागलो,
अन् मधातच विंच अडकली.
ना वर, ना खाली.
पंख्याच्या वाऱ्यात तो भोवऱ्यासारखा फिरू लागला.
तेव्हा देव नाही आठवला गा मले.
मनात आलं, ज्यानं हा पुर्जा बनवला
तो त्या दिवशी जेवून आला होता
का उपाशी?"

मग?
"मंग काय. पायलटनं तसाच लोंबकळत नेला,
हळूहळू, किनाऱ्यापर्यंत. वाळूवर ठेवला.
ओकत होता. म्हंजे जिवंत होता."

नवव्या नगाला लाइट डोळे मिचकावू लागली,
लेथ थबकली, पुन्हा धावली.
भोक दोन शतांश मोठं.
मायक्रोमीटर पुसून लावला.
हात पुसून लावला.
श्वास धरून लावला.
दोन शतांश म्हणजे काय,
पापणीच्या केसाचाही एक तुकडा.
नागपूरच्या साहेबांना दिसलं असतं, नसतंही.
केवळराम काही बोलला नाही.
बाहेर बघत राहिला. बाहेर
बांधीतलं पाणी होतं, गुडघाभर, आणि बेडूक.

मी नगावर लाल ठिपका दिला.
रात्री दीडला लाइट आली तेव्हा दुसरा कातला,
तांबूस किसाचे कुरळे केस बोटाला चटके देत राहिले.
जेवलो नव्हतो, हे मापून झाल्यावर आठवलं.
मग उठून आधी जेवलो,
आणि पुन्हा मापला.

बारा नग खोक्यात गेले. खोकं बसनं गेलं.
त्याच्या पुढचं मला माहीत नाही,
पोचपावतीवरची सही वाचता येत नाही.

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी
केवळरामची नात लाकडी नंदी घेऊन आली.
पुढचं चाक लडबडत होतं.
आसावर चिंधी गुंडाळून पाहिली, जमेना.
मग खणातून तो काढला. थोडा ठोकला. बसला.

"हे लाल काय आहे?" पोरीनं विचारलं.

केवळराम बराच वेळ चाक फिरवत राहिला.
आवाज नाही.

"लिहिलं आहे," तो म्हणाला,
"जमिनीवर चालते."