शून्य पूर्णांक चार

उलानबातरात रात्री तीनला पारा उणे एकतीसवर,
आणि डोंगरउतारावरच्या गेरवस्तीतून
कोळशाचा धूर खाली येत येत
आमच्या तळघराच्या काचेशी थांबलेला.

मी इथे असते, सेंट्रिफ्यूजच्या शेजारी.
माणसं माझ्यापर्यंत येत नाहीत.
येतात त्यांच्या नळ्या,
जांभळ्या झाकणाची, निळ्या झाकणाची, पिवळ्या,
वरच्या फ्लूच्या वॉर्डातून
कुणा परिचराच्या कोटाच्या खिशात, अजून कोमट.
सतरा वर्षांत या शहराचं रक्त मी ओळखते,
रस्त्यात भेटलं तर तोंड एकाचंही ओळखणार नाही.

आज दोघांच्या एकदम आल्या.

तेम्यूलेन, चोवीस, ट्रकवर असतो.
वरून फोन: ओरडतोय, छाती फुटते म्हणतोय,
याचं आधी लाव.
लावलं.
लिम्फोसाइट जागच्या जागी,
सीआरपी किंचित वर,
डी-डायमर रेषेच्या आत, पाय दुमडून बसलेला.
ताप आहे आणि भीती आहे.
ताप आधी उतरेल.

लुव्सांदोर्ज, एकाहत्तर, गोबीकडचा मेंढपाळ,
लेकीकडे चार दिवस आला आणि अंथरुणाला खिळला.
कागदावर डॉक्टरांचं अक्षर:
बरा वाटतो, गप्पा मारतो, सकाळी घरी?
त्या प्रश्नचिन्हावर चहाचा थेंब सांडलेला.

लिम्फोसाइट शून्य पूर्णांक चार.
राखणदार उठून गेलेत,
आणि कुत्री भुंकतसुद्धा नाहीत.
फेरिटिन दोन हजारांच्या पुढे,
जसं कुणी घाईघाईनं
घरातलं सगळं लोखंड पेटीत घालून कुलूप लावतंय.
डी-डायमर म्हणतो, कुठेतरी गाठी
बांधल्या जातायत, सुटतायत.

मी पुन्हा लावलं.
यंत्रावर विश्वास नव्हता म्हणून नाही.
मला तो आकडा नको होता.
पुन्हा तोच आला.

तीन वाजून वीस मिनिटांनी वर फोन केला.
डॉक्टर सारंत्सेत्सेग हसल्या.
अगं, तो बसून चहा पितोय,
मेंढीच्या खांद्याचं हाड भाजून
भेगांवरून हिवाळा कसा वाचायचा ते मला शिकवतोय.

मग त्यांनाच विचारा, मी म्हटलं,
आभाळ स्वच्छ निळं आहे,
आणि घोड्या अचानक वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्यात.
अशा वेळी ते काय करतात?

फोनवर वॉर्डातला खोकला ऐकू येत राहिला,
मग कपबशीचा आवाज,
मग लांबून, म्हाताऱ्याचाच, जरा चिडलेला:
काय करतात म्हणजे? कळप हलवतात.

त्याला ऑक्सिजनच्या खाटेवर हलवलं.
पाच वाजून दहा मिनिटांनी त्याचा दम तुटायला लागला.
नळी हाताशी होती.

हे मी फुशारकीनं सांगत नाही.
नोव्हेंबरात एक शाळामास्तरीण होती, आलिमा,
तिचे सगळे आकडे धुतल्या तांदळासारखे,
मी स्वतः सही केली,
आणि रविवारी तिचं नाव यादीत नव्हतं.
तिची नळी आठवते. झाकण जरा तिरकं बसलं होतं.
त्याचा कशाशी काही संबंध नाही,
तरी रोज झाकणं दाबून बघते.

साडेसातला वरून पुन्हा एक जांभळी नळी.
लुव्सांदोर्ज. यावेळी फार कोमट,
कुणीतरी मुठीत धरून आणलेली.
शून्य पूर्णांक पाच.

एका दशांशानं काही सिद्ध होत नाही.
हा फरक यंत्राच्या थरथरीचाही असू शकतो.
मी वहीत लिहिलं: सहा तासांनी परत पाहणे.
टोपी घातली, मफलर गुंडाळला,
आणि दाराशी जाऊन उगाच परत आले,
तो आकडा अजून पडद्यावर आहे का
ते बघायला.