चोविसाव्या तासाचा फोटो

दोन कुप्या. दोन्हींत निळं.
खिडकीशी धरून रुबिना मुजावर म्हणते,
"हा मोरचूद, आणि हा त्याचा मावसभाऊ."
मोरचूद नव्हे गं. तांबंच,
पण तीन अमिनो आम्लांनी चिमटीत धरलेलं.
एकीत पहिलं ग्लायसीन, दुसरीत अ‍ॅलानीन,
पुढचे दोघे तेच: हिस्टिडीन, लायसीन.
फरक म्हणाल तर एक कार्बन, दोन हायड्रोजन.
एवढ्यासाठी सहा महिने
आणि शीतपेटीतला एक अख्खा खण.

पेशी सीपीआरमधून आल्या,
कुणाच्या तरी पोटाच्या ऑपरेशनात उरलेली,
सही करून दिलेली कातडी.
नाव नाही. एच-एकोणीस.
थाळीच्या तळाशी त्यांचा थर भरला
की पिवळ्या टिपेनं मी त्यात सरळ रेघ ओढते.
पहिल्यांदा हात थरथरला तेव्हा हेरवाडकर मॅडम म्हणाल्या,
"जखम नीट कर. वाकडी जखम मोजता येत नाही."

हे घरी सांगितलं नाही.

घरी, सुभाषनगरात, आण्णा रापीला धार लावत बसलेले.
बाभळीच्या सालीचा, हिरड्याचा वास
भिंतीत, माझ्या दहावीच्या वह्यांत,
वर्गात एकीनं नाक धरलं होतं त्या दुपारीत.
"तू पण कातड्याचंच काम करतीस की मग."
"व्हय. पण माझं जित्तं असतंय."
आरी हवेत थांबली.
"मग टाका कसा धरंल?
मेलंय म्हणून तर भोक भोकच ऱ्हातंय."

चार रांगा: निळं एक, निळं दोन,
नुसतं तांबं, आणि काहीच नाही.
पातळ करत नेलं की निळं दिसेनासं होतं,
माध्यमाच्या गुलाबीत चारही सारख्या,
झाकणावरचं माझं अक्षर तेवढं ओळखीचं.
बाराव्या तासाला काठच्या पेशी लांबट होतात,
पलीकडं पोचतंय का चाचपतात.
चोविसाव्या तासाला, रात्री अकरा वाजता,
टेकडीवर कुत्री आणि मी.
फोटो. मोजणी.
पहिली एकाहत्तर टक्के भरली, दुसरी अडुसष्ट.
नुसतं तांबं अठ्ठावन्न.
आणि जिला काहीच दिलं नाही, ती साठ.
आलेखावर चुकीची काडी
दोन्ही निळ्यांमधल्या फरकापेक्षा उंच.
मॅडमनी चष्मा पुसला.
"पुन्हा कर. नवी कातडी, नवा माणूस."

त्याच आठवड्यात आण्णांचा अंगठा रापीखाली आला.
चिंधी बांधली, वर चामड्याचा तुकडा,
आणि वेणी घालायला पुन्हा बसले.
"तुझ्यातलं थेंबभर लाव की त्यावर."
"ते माणसाला लावायचं नाही, आण्णा. थाळीसाठी आहे."
"थाळीला दुखतंय व्हय?"

वहीत तसा रकाना नाही.
तारीख, नमुना, मात्रा, रुंदी शून्य तासाला,
रुंदी चोवीस तासांनी.
समासात मी पेन्सिलीनं लिहिलं: अंगठा, मंगळवार.
मग खोडलं. छाप राहिलाय, तिरका धरला की दिसतो.

रविवारी एच-वीस आला.
रुबिनानं टिपांची नवी पेटी फोडली,
माझ्या अ‍ॅप्रनला नाक लावून म्हणाली,
"आज हिरडा जास्त येतोय."
मी रेघ ओढली. सरळ आली.