चौकशी खिडकी

सरवटे बसस्टँडवर, तीन नंबरच्या खिडकीत
महामंडळ बंद पडेपर्यंत
तेवीस वर्षं बसले मी.
जाळीला गोल भोक, तळहाताएवढं.
लोक त्यातून आधी तोंड घालायचे, मग काळजी.
"बहनजी, खंडवा वाली आई क्या?"

आणि माझ्याकडे कारणं असायची डबाभर.
भेरूघाटात ट्रक आडवा झाला असेल,
बडवाहला ड्रायव्हर पोहे खात असेल,
मोरटक्क्याच्या पुलावर अमावास्येची गर्दी,
नाहीतर निघालीच उशिरा, नेहमीसारखी.
एकदा एक म्हातारा जाळी धरून रडायला लागला
तेव्हा सुचेना काही, म्हटलं,
"डेपोत धुवायला नेली असेल, बाबा."
तो हसला.
बस आली पावणेदहाला,
आणि खरंच ओली होती.
का, ते मला अजून माहीत नाही.

आज निरंजन खंडव्याहून निघालाय, मोटरसायकलवर.
सातला येतो म्हणाला. साडेआठ झाले.
फोन वाजतो, वाजतो, उचलत नाही.
रामबागेतल्या या दोन खोल्यांत
माझ्याकडे कारण एकच आहे.
कपाळाच्या आत कुणीतरी
फळ्यावरच्या सगळ्या गाड्या पुसल्यात ओल्या फडक्यानं,
एकच ठेवलीय.
तिचीच घोषणा, पुन्हा तिचीच.

वरण आटत चाललंय.

मी दुधाच्या जाळीच्या कपाटासमोर उभी राहते
आणि वाकून विचारते,
बहनजी, खंडव्याहून येणारा आला का?
आत सायीचं पातेलं, गुळाचा खडा, अंधार.
बराच वेळ कुणी बोलत नाही.
मग माझाच आवाज येतो, ड्यूटीवरचा,
चहा न मिळालेला:
फोन बॅगेत असेल.
बरं.
हेल्मेटमध्ये ऐकू येत नसेल.
हं.
सिमरोलला कुणी मित्र भेटला असेल,
याला तर रस्त्यावरच्या कुत्र्याशीही बोलायला लागतं.
पुढे?
पुढे तेही असेल, आवाज म्हणतो.
तेही असू शकतं. पण त्याचा नंबर पाचवा.
रांगेत उभं करा त्याला.

घड्याळात आठ चाळीस.
भीती उतरलेली नाही कुठल्याच स्टॉपवर.
नुसती सरकून बसलीय जराशी,
कंडक्टरनं दटावल्यासारखी,
तिघांच्या बाकावर चौथा
अर्ध्या मांडीनं टेकेल, एवढीच.

मी वरणात पाणी घालते.
पाऊण वाटी.