रोलरच्या चालीनं

वणी सोडली तेव्हा नऊच वाजले होते
आणि स्टिअरिंग हाताला चटके देत होतं.
नवतप्याचा तिसरा दिवस.
बाबांच्या डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा.
एसी लावते म्हटलं तर म्हणाले,
"राहू दे वं. काच खाली कर. रस्ता आयकू येत नाही."

बांधकाम खात्याचा रोलर तीस वर्षं चालवलेला माणूस
रस्ता ऐकतो.
मला नुसते टायर ऐकू येत होते.
"इथं खाली मुरूम हाये," ते म्हणाले,
"पुलापासून गोटा लागन."
पूल गेला, आणि खरंच
चाकांखालचा आवाज घट्ट झाला.

दोन्हीकडं पानं झडलेला साग,
एका बाभळीच्या सावलीत अकरा बकऱ्या.
मग सागही संपला.
उघडा फत्तर, जांभळट काळा,
त्यावर झळा अशा हलत होत्या
की टेकडी पाण्यात भिजत घातल्यासारखी दिसे.

"किती वेळात आणलं तू इथवर?"
"पाऊण तास."
"मले दोन उन्हाळे लागले."

सतरा नंबरच्या दगडापाशी त्यांनी मान वळवली.
"इथं सायकलवर माणूस आला होता. म्हणे, पोरगी झाली.
इंजन गरम होतं. म्हटलं, एवढी पट्टी दाबून येतो."
मी गिअर बदलला.
आई ही गोष्ट वेगळी सांगायची.

नाल्याच्या काठावर ते खांब दिसले.
सहा कडांचे, एकाला एक खेटून,
पऱ्हाटीची पेंडी उभी करावी तसे.
मी वाचून आले होते, सगळं सांगितलं :
लाव्हा, कोट्यवधी वर्षं, सावकाश थंड होत जाणं.
बाबांनी एका कडेवरून बोट फिरवलं.
"वावरात भेगा पडतात ना मे महिन्यात?
त्याच ह्या. उभ्या ठाकल्या फक्त."

मग बराच वेळ काही नाही.
"पलीकडं अशीच एक टेकडी होती. मोठी होती इच्यापेक्षा."
"कुठं गेली?"
त्यांनी हनुवटीनं रस्ता दाखवला.

सुरुंग. क्रशर. गिट्टी.
गिट्टीवर डांबर, डांबरावर दहा टनांचा रोलर,
रोलरवर बाबा, काळेभोर, अठ्ठावीस वर्षांचे.
"कोणाले मालूम होतं, बाप्पा?
आमाले दगड पाह्यजे होता."

बाटलीतलं पाणी चहासारखं झालेलं.
दोन घोट पिऊन उरलेलं त्यांनी खांबावर ओतलं.
डाग धरायच्या आधीच ते सुकलं.

परत येताना मी गाडी दुसऱ्या गिअरवरच ठेवली.
का, ते त्यांनी विचारलं नाही.
मागं कोळशाचा ट्रक, हॉर्नवर हॉर्न.
शेवटी तो बाजूनं घुसला, ड्रायव्हर ओरडला,
"काकाजी, झोपले काय?"
बाबांनी कांद्यासकट हात बाहेर काढला :
"हळू जाय बे!
खाली टेकडी हाये."