एकोणीस

आधी माझ्या कपडे धुवायच्या मशीनचा पंप गेला.
मग व्हॅनमधलं रबरी मॅट, पुढच्या सीटखालचं.
मग रव्याची चाळणी.
चाळणीवरून मी तोंड उघडलं, तर सगुण म्हणाला,
"रव्याहून बारीक वस्तू आहे, फाटणार नाही."

खाण बंद पडल्यापासून हा माणूस
कशाला ना कशाला वेल्डिंग मारत असतो.
कुडचड्याच्या धक्क्यावर बार्जांची पोटं शिवायचा,
आता शेजाऱ्यांच्या झोपाळ्यांच्या कड्या.

मिंगेलच्या भंगारातून सहा फूट पन्हळ आली,
एका टोकाला गंजलेली.
तळाशी मॅट, मॅटवर आडव्या पट्ट्या,
फुटाला एक इंच उतार.
तो साधायला नळीतलं पाणी दोन टोकांना धरून
अर्धा दिवस अंगणात उकिडवा.
उतार जास्त झाला तर सोनं पळतं, म्हणाला,
कमी झाला तर वाळू बसून राहते.
आमचं लग्न ठरवताना
एवढं मोजमाप कोणी केलं नव्हतं.

वाळू जुवारीच्या वळणावरची, काळी,
सिमेंटच्या तीन पिशव्या भरून.
ओंजळभर उचलली तरी मनगट खाली जातं.
जुन्या स्पीकरचं लोहचुंबक
दुधाच्या पिशवीत घालून वरून फिरवलं
की पिशवीला केस फुटतात.
चुंबक काढून घेतलं की केस गळतात.
रूपेश दिवसभर तेवढंच करत बसला.
वय वर्षं एकवीस.

"पण ह्यात सोनं आहे कशावरून?"
"तें मागीर. आधी यंत्र सोनं धरतं का ते बघूया."
आणि माझ्या कानांकडे बघितलं.

डब्यात एक कुडी होती, जोडीदार हरवलेली,
आईकडची.
बारीक कानशीनं घासली, कोऱ्या कागदावर,
पंखा बंद करून, श्वास धरून.
सुईच्या टोकानं वीस कण मोजले.
मी मोजले. रूपेशनं मोजले.
मग ते वीस कण बादलीभर काळ्या वाळूत
माझ्याच हातानं कालवले.

पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा,
नाहीतर एवढं बारीक सोनं बुडतच नाही,
पाण्यावर बसून निघून जातं.
हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे.
पंप घरघरला. माझाच पंप, आवाज ओळखीचा.
चमच्याचमच्यानं वाळू सोडली, तास गेला,
मॅट उलटं करून बादलीत झटकलं.

चौदा.

सगुण पायरीवर बसला तो बसलाच.
मी परात घेतली,
पन्हळीच्या तोंडाशी साचलेला ढीग तिच्यात ओढला,
पाणी घातलं,
आणि सूप पाखडतात तशी, जरा आडवी, जरा झोकात,
पाण्याला पुढे काढत राहिले.
काळं पुढे सरकलं. मागे, परातीच्या कडेला,
पाच.

"कितें केलें गो तुवें?"
"कोंडा पुढे, दाणा मागे."
तांदूळ निवडताना चार फूट लांब बसून
पेपर वाचत असतो, दिसणार कुठून.

एकोणीस झाले.
रात्री अकरापर्यंत तो विसावा शोधत होता,
पंपाच्या जाळीत, मॅटच्या भोकांत, स्वतःच्या नखांत,
डोळ्यांना माझा चष्मा लावून.

पुढचे तीन रविवार दोघं बापलेक नदीवर.
नदीनं काय दिलं ते विचारू नका,
मिंगेल रोज विचारतो तेवढं पुरे.
पन्हळ आता गोठ्याच्या छपराला लागली आहे
आणि पाणी बरोबर जागेवर सोडते.

उरलेली वाळू रूपेशनं सिमेंटमध्ये कालवली,
कपडे धुवायच्या दगडाची फुटकी कड लिंपली.
काळीभोर कड, दहाच्या उन्हात
जागोजाग लुकलुकते.
अभ्रक आहे, सगुण म्हणतो.
मी काही म्हणत नाही.
मशीनला नवा पंप आला, तरी चादरी तिथंच आपटते.

परवा दुपारी मागच्या दारी गेले
तर दगडापाशी हा उकिडवा,
हातात दात घासायचा जुना ब्रश.
धुवायचा कपडा एकही नव्हता.